फ्रंट अ‍ॅक्सल शाफ्टच्या यूजेचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कप जागेवर कसे टिकवावेत

सॉलिड फ्रंट अ‍ॅक्सलची फोर बाय फोर दगडधोंड्यात नेली आणि शाफ्ट तुटला की सगळ्यांचा सल्ला एकच, जाडा शाफ्ट टाक. अरे पण तुटलेला तुकडा हातात घेऊन बघा तरी. बऱ्याचदा आधी सर्क्लिप (कपाला अडवणारी छोटी क्लिप) उडालेली असते, मग कप (क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) बाहेर सरकतो, क्रॉस (जॉइंटमधला अधिक चिन्हासारखा तुकडा) तिरका होतो, योकचा (शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्याचा) भोकवाला कान फाटतो आणि शाफ्ट सगळ्यात शेवटी जातो. म्हणजे खर्च शाफ्टचा आणि मूळ कारण एक छोटी क्लिप. कप जागेवर राहिले तर कंपनीचा शाफ्टसुद्धा बरंच सोसतो.

हे सगळं डाना ३० आणि डाना ४४ प्रकारच्या अ‍ॅक्सलबद्दल आहे, ज्यात नकलजवळ (चाक वळतं त्या सांध्याजवळ) युनिव्हर्सल जॉइंट असतो आणि क्लिपा कानाच्या आतल्या बाजूने, कपावरच्या खाचेत बसतात. टॉर्कचे आकडे रँग्लर टीजेच्या (१९९७ ते २००६) डाना ३० चे आहेत, तुमची गाडी वेगळी असेल तर तिच्या मॅन्युअलमधलेच घ्या, अंदाजाने नको. लँड क्रूझरसारख्या बर्फील्ड जॉइंटवाल्या (आत गोळ्या असलेला सीव्ही जॉइंट) अ‍ॅक्सलला हा प्रकार नसतो, तिथे शाफ्टच्या टोकाला हबच्या तोंडाशी एक सर्क्लिप असते, टोकाच्या आट्यांत बोल्ट लावून शाफ्ट बाहेर ओढायचा, खाच पूर्ण दिसली की क्लिप बसवायची, झालं.

आधी क्लिप कशामुळे उडते ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. स्टिअरिंग फुल लॉकला, लो रेंज, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) लावलेला आणि चाक दगडात अडकलेलं, अशा वेळी जॉइंटचा कोन सगळ्यात जास्त असतो आणि पूर्ण टॉर्क त्या कानांना फाकवायला बघतो. कान केसभर फाकला की कपावरची त्याची पकड सुटते, कप त्यात फिरायला लागतो, क्लिपही फिरते, आणि ती C आकाराची असल्यामुळे अर्धवटच धरून असते, एकदा खाचेतून निसटली की संपलं. कप खरा धरतो तो कानातल्या टाइट फिटिंगने, क्लिप फक्त त्याच्यावर पहारा ठेवते. हे डोक्यात राहिलं की कुठला सल्ला खरा आणि कुठला टाकाऊ ते आपोआप कळतं.

शाफ्ट काढणं सोपं आहे. मधला नट (३६ एमएम) चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, मग स्टँड, चाक, कॅलिपर (तारेने वर बांधा, होजवर लटकवू नका), रोटर, आणि मागून हबचे तीन बोल्ट, त्यांना १३ एमएमचं बारा कोनी सॉकेट लागतं. हब गंजून चिकटला असेल तर बोल्ट थोडे ढिले करून, पूर्ण न काढता, बोल्टच्या डोक्यावर सॉकेट आणि आखूड एक्स्टेन्शन ठेवून त्याचं दुसरं टोक अ‍ॅक्सलला टेकवा आणि कोणालातरी हळू स्टिअरिंग फिरवायला सांगा, पॉवर स्टिअरिंग हब ढकलून बाहेर काढतं. हात लांब ठेवा. एक बोल्ट झाला की दुसरा, सगळा जोर एकावरच नको. शाफ्ट बाहेर घेताना खालून आधार द्या कारण या अ‍ॅक्सलची ऑइल सील आत डिफरन्शियलजवळ असते, स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) तिच्यावर घासली तर सील बदलायला आतला कॅरियर काढावा लागतो, आणि ते काम कोणालाच नको असतं.

जुन्या क्लिपा पंचने काढा आणि फेकून द्या. नव्या जॉइंटबरोबर नव्या येतात. मग व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल असं मोठं सॉकेट, आणि कप दाबून बाहेर काढा. हातोडीने ठोकून काढू नका, कान तिथेच वाकतो.

आता कान तपासा. कानांची भोकं वायर ब्रशने चकचकीत करा आणि नवा कप नुसत्या अंगठ्याने दाबून बघा. अंगठ्याने सरसर आत गेला तर तो योक फाकलेला आहे, भंगारात टाका. इथे लोक हिरवं लॉकटाइट (धातूचे भाग पक्के धरणारा द्रव) लावायला सांगतात, कोणी कपाभोवती पंचने टोचे मारायला सांगतात, आणि दोन्ही सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो, कारण भोक अंडाकृती झालेलं असतं, कप दोनच ठिकाणी टेकतो आणि पहिल्या जोराच्या खेचीला परत फिरतो. आणि तो फिरतो तेव्हा माणूस चढणीच्या मध्यावर असतो.

खरी गोची कप बसवताना होते. मीही इथे खूप झगडलोय, आणि बहुतेक उडालेल्या क्लिपांची सुरुवात इथेच झालेली असते. कपाच्या आत कडेने बारीक सुया उभ्या असतात, ग्रीसवर चिकटून. बसवताना त्यातली एक जरी आडवी पडून तळाशी गेली तर कप पूर्ण आत जात नाही, खाच साधारण सुईच्या जाडीएवढी कमी दिसते. मग माणूस काय करतो, क्लिप खाचेच्या तोंडावर ठेवतो आणि हातोडीने घुसवतो. ती बसल्यासारखी दिसते. बसलेली नसते, कडेवर अडकलेली असते, आणि पहिल्याच फुल लॉकला उडते.

म्हणून क्रम असा ठेवा. क्रॉसवर लक्ष ठेवून काम करायचं: क्रॉस योकमध्ये तिरका घाला, एक कप बाहेरून थोडा आत सरकवा आणि लगेच क्रॉसचं टोक उचलून त्या कपात घाला म्हणजे सुयांना आधार मिळतो. समोरचा कपही तसाच. आता क्रॉस दोन्ही कपांत आहे, तो तसाच राहिला पाहिजे, व्हाइस फिरवताना मध्ये मध्ये क्रॉस हाताने हलवत राहा, कुठे अडखळला तर तिथेच थांबा, कप काढा, सुया बघा. जोर वाढवायचा नाही. दोन्ही कप कानाच्या बरोबरीला आले की लहान सॉकेटने एक कप अजून आत दाबा, आतून खाच पूर्ण दिसली की क्लिप घाला, मग समोरच्या कपावरून दाबा, पहिली क्लिप कानाला घट्ट टेकेल आणि दुसरी खाच उघडी होईल. दुसरी खाच उघडी होत नसेल तर कारण तीनच, सुई पडलीय, खाली घाण आहे किंवा कानाच्या आतल्या कडेला धातूचा खवला आलाय. तिन्हींवर इलाज एकच, परत खोला.

क्लिप बसल्यावर बॅटरी लावून बघा, क्लिप आणि कान यांच्यात उजेड दिसता कामा नये. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फिरवून बघा, सहज फिरली तर ढिली आहे. मग योकच्या कानांवर पितळी हातोडीने हलकेच टोले द्या म्हणजे दोन्ही कप बाहेर क्लिपांवर जाऊन टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. नवा जॉइंट थोडा जड फिरला तरी चालेल, पण फिरताना टकटक अडकता कामा नये.

जॉइंट बिनग्रीस निपलचाच घ्या, डाना ३० आणि ४४ ला स्पायसरचा ५-७६०एक्स चालतो. निपलवाल्या क्रॉसला आतून भोकं पाडलेली असतात आणि तो तिथूनच तुटतो.

नवे क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे) शाफ्ट घेणारच असाल तर फुल सर्कल क्लिपवाले घ्या, ती क्लिप कपाला जवळजवळ पूर्ण वेढते म्हणून फिरली तरी सहज निसटत नाही. कंपनीच्या योकला त्या तशाच बसत नाहीत, कानाची आतली बाजू मशीन करून घ्यावी लागते.

वेल्डिंगबद्दल लोक हमखास विचारतात. कंपनीचा शाफ्ट असेल, कान घट्ट असतील आणि फुल सर्कल क्लिप शक्य नसेल तर प्रत्येक कपाला समोरासमोर दोन बारीक टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारायला माझी हरकत नाही. शाफ्ट बाहेर काढूनच मारा, आणि अर्थिंगचा चिमटा ज्या योकवर टॅक मारताय त्याच योकला लावा, नाहीतर करंट सुयांमधून जातो आणि नवा जॉइंट तिथेच खराब होतो. एक टॅक मारून थंड होऊ द्या, मग दुसरा. ढिल्या कानाला टॅक मारून गाडी बाहेर काढणं मात्र धोक्याचं आहे, कपाचं पोलाद कडक असतं, टॅक तडकतो.

जोडणी उलट क्रमाने. हबच्या भोकाला अँटीसीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट), तीन बोल्ट १०२ न्यूटन मीटर, मधला नट २३७, नवी स्प्लिट पिन. चाक लावायच्या आधी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन हब हाताने फिरवा, दोन्ही योकचे कान एकमेकांना किंवा कप नकलला कुठे लागतोय का बघा.

शेवटी कप आणि कान दोन्हींवरून जाईल अशी पेंटची एक रेघ ओढा, चारही कपांवर. ट्रेलवरून आलात की गाडीखाली वाका आणि रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे कप फिरलाय, क्लिप अजून जागेवर असली तरी योक बदलायची वेळ आली.

ट्रेलवर क्लिप उडालेली दिसली तर फोर व्हील काढा आणि शाफ्ट बाहेर घ्या. जॉइंट तोडून बाहेरचा तुकडा परत हबमध्ये घाला आणि नट पूर्ण आवळा. हा तुकडा न घालता गाडी नेऊ नका, कोणी कितीही म्हणू दे, कारण या हबची बेअरिंग त्या नटाच्या ताणावरच एकत्र असते, नट नाही तर हब सुटून चाकासकट बाहेर येऊ शकतो. आतला तुकडा काढल्यावर सीलमधून तेल नळीत येतं, नळीच्या तोंडात फडकं घट्ट कोंबा आणि मागच्या चाकांवर सावकाश बाहेर पडा, घरी पोचल्यावर डिफरन्शियलची ऑइल लेव्हल बघायची.