ग्रॅमचे मोल कसे काढायचे? खिळे, मीठ आणि मोरचूद

रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजून मागितले तर दुकानदार आपल्याकडे बघतच राहील. खिळे तोलून मिळतात. समजा एक खिळा २ ग्रॅमचा आहे आणि पुडा अर्ध्या किलोचा. मग आत किती खिळे? ५०० भागिले २, म्हणजे अडीचशे. पुडा सोडायचीही गरज नाही. ग्रॅमचे मोल काढताना आपण एवढंच करतो. माझ्याकडे शिकवणीला येणारी अकरावीची मुलं मोल म्हटलं की दचकतात, खिळ्यांना मात्र अजून कुणी घाबरलेलं नाही.

अणू-रेणू एकेक करून तोलता येत नाहीत, म्हणून ते गठ्ठ्याने मोजायचे. केळ्यांचा डझन १२चा, तसा कणांचा मोल ६.०२२ × १०²³ चा. २० मे २०१९ पासून ही संख्या ६.०२२१४०७६ × १०²³ अशी नेमकी ठरवून टाकली आहे. गंमत म्हणजे ग्रॅमवरून मोल काढताना ती लागतच नाही! असा एक गठ्ठा किती ग्रॅम भरतो, तेवढं कळलं की झालं. त्यालाच मोलर वस्तुमान म्हणतात.

पहिलं काम ते काढण्याचं. मिठात सोडियमचा एक अणू, क्लोरीनचा एक. आवर्तसारणीतून त्यांची अणुवस्तुमानं २२.९९ आणि ३५.४५ घ्या, बेरीज ५८.४४ ग्रॅम प्रति मोल.

मग हातातले ग्रॅम त्याने भागा. १० ग्रॅम मीठ असेल तर १० ÷ ५८.४४ = ०.१७११ मोल. भागायचं की गुणायचं हे आठवेना, तर आकड्यांशेजारी एककं लिहा. ग्रॅम कटून मोल उरला पाहिजे. मोलचे ग्रॅम करायचे असतील तर गुणायचं. आणि अंदाज सोडू नका. मीठ ५८ ग्रॅमहून कमी असताना उत्तर ५८४ आलं, तर काय झालंय ते सांगायला नको.

बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यात भागाकाराऐवजी लॉगची वजाबाकी करायची. १०चा लॉग १, ५८.४४चा १.७६६७. वजाबाकी उणे ०.७६६७. अँटिलॉग (लॉगवरून परत मूळ आकडा) बघण्याआधी हे ‘बार १.२३३३’, म्हणजे उणे १ अधिक ०.२३३३, असं लिहायचं. इथे बार विसरला की ०.१७११चे थेट १७.११ होतात.

कंसांकडेही लक्ष असू द्या. विरलेल्या चुन्यात, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये, Ca(OH)₂ मध्ये, कंसाबाहेरचा २ ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांनाही लागतो. तो फक्त हायड्रोजनला लावलात तर ७४.१० ऐवजी ५८.१० येतात.

पण सगळ्यात फसवं ते पाणी. एफवायबीएस्सीला असताना मला मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटच्या खड्यांचे, ०.१ मोल तोलायचे होते. तांबं ६३.५५, गंधक ३२.०६, ऑक्सिजनचे चार अणू ६४.००, एकूण १५९.६१. म्हणून काट्यावर काळजीपूर्वक १५.९६ ग्रॅम घेतले. बाटलीतले खडे निळेशार होते, म्हणजे कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू होते, आणि ते मी धरलेच नव्हते. पाच वेळा १८.०१६ म्हणजे ९०.०८, ते मिळवून २४९.६९. माझ्या हातात प्रत्यक्षात ०.०६४ मोलच आले होते. शेजारच्या टेबलावरचं द्रावण गडद निळं आणि माझं फिकट, तेव्हा लेबल वाचायचं सुचलं. कोरडं, पाणी गेलेलं कॉपर सल्फेट पांढुरकं दिसतं, हे तर तोंडपाठ होतं.

धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत (Na₂CO₃·10H₂O) पाण्याचे दहा रेणू असतात. त्याच्या १०० ग्रॅमचे मोल काढून बघा. उत्तर ०.३५च्या आसपास आलं तर पाणी धरलंय, ०.९४ आलं तर विसरलात.