पूर्वज ‘ग्लाझेनमाकर’ होता, तर पुढे शोध कसा घ्यायचा

माझं सासर नेदरलँड्समधल्या लायडनचं. सासऱ्यांनी जपलेल्या वंशावळीत एका पूर्वजापुढे ‘ग्लाझेनमाकर’ एवढाच शब्द होता. काचेच्या कारखान्यातला माणूस असेल असं धरून मी अख्खा हिवाळा भट्ट्यांच्या नोंदी चाळल्या. तुमचा वेळ तसा जाऊ नये म्हणून आधी हा शब्द समजून घ्या. ग्लाझेनमाकर काच तयार करत नाही. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून तो खिडक्या करतो, मोडल्या तर दुरुस्त करतो. काच फुंकणारा तो ग्लासब्लाझर.

मला याचा उलगडा झाला चित्रकार खेरिट डाऊमुळे. जन्म लायडनचाच, १६१३ सालचा. त्याचे वडील ग्लाझेनमाकर होते, नाव डाउवे यान्स. यातलं ‘यान्स’ हे आडनाव नाही. यानचा मुलगा म्हणून ‘यान्सझोन’, लिहिताना ते आखडून शेवटी टिंब देतात. मुलगी असेल तर ‘यान्सडोख्टर’. आपल्या मधल्या नावासारखंच, फक्त पुढे आडनाव नाही. मुलाचं ‘डाऊ’ आलं ते बापाच्या ‘डाउवे’वरून. त्यामुळे बापाला ‘डाऊ’ म्हणून शोधाल तर तो सापडायचाच नाही. आडनाव हरवलं की बापाच्या पहिल्या नावाने शोधा.

शोध नेहमी हयात माणसापासून मागे न्यायचा. १८११ पर्यंत फारशी अडचण येत नाही. सरकारी विवाहनोंदीत नवरा-नवरी दोघांचे आईवडील आणि बहुतेकदा धंदाही मिळतो. ‘वीवासवी’ आणि ‘ओपन आर्काइव्हज’ या दोन संकेतस्थळांवर नाव टाकून बघा. त्याच्या मागे गेलात की चर्चच्या वह्या लागतात: बाप्तिस्मा, लग्न, दफन. लायडनपुरतं सांगायचं तर मी आधी ‘ओंडरट्राऊ’ उघडते, म्हणजे लग्न ठरल्याची नोंद. तिथे नवऱ्याचा धंदा आणि मूळ गाव असतं, शिवाय सोबत आलेले साक्षीदार: भाऊ, मामा, शेजारी. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांच्या लग्नाला उभी राहिलेली दिसली की मला घराणं हाती लागल्यासारखं वाटतं.

मग कारागिरांच्या संघाच्या, म्हणजे गिल्डच्या वह्या. खेरिट १६२५ ते १६२७ काच-कारागिरांच्या गिल्डमध्ये होता, बापाच्याच धंद्यात. चर्चच्या उंच खिडक्यांवर तो बेफिकीरपणे चढायचा आणि बापाला धास्ती वाटायची, असं सांगितलं जातं. फेब्रुवारी १६२८ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो रेम्ब्रांटकडे शिकायला गेला. गुरू स्वतः २१ वर्षांचा!

जमलं तर हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात जाऊन खेरिटचं १६५८ चं ‘तरुण आई’ हे चित्र बघा. डावीकडे मोठी खिडकी आहे. तिच्या काचांमध्ये एका घराण्याचं मानचिन्ह रंगवलेलं आहे. मी जवळ जाऊन बराच वेळ ती खिडकीच बघत होते. काचा कशा बसवतात हे या माणसाने लहानपणी बापाच्या कारखान्यात पाहिलं होतं.

घरी आल्यावर मी वंशावळ काढली आणि त्या पूर्वजाच्या नावाखाली मराठीत लिहिलं: खिडक्या करणारा.