बोअरच्या पाण्याच्या घरात रिठा आणि लिंबूसत्त्व

मराठवाड्यात ज्यांचे घर बोअरच्या पाण्यावर चालते, त्यांना नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या काठावर साचणारा पांढरा थर नवा नाही. या क्षारांमुळे साबणाला नीट फेस येत नाही, उलट चिकट साका भांड्यांवर बसतो. रिठ्यातील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या घटकाचे तसे होत नाही, म्हणून माझ्या मते आपल्याकडे रिठाच अधिक उपयोगी.

बिया काढलेले १५ ते २० रिठे १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी मंद आचेवर २० मिनिटे उकळावेत आणि कोमट झाल्यावर टरफले पार मऊ होऊन बोटांना बुळबुळीत लागेपर्यंत कुस्करून फडक्यातून गाळावेत. हे तपकिरी पाणी भांड्यांना आणि फरशीला चालते. ते फार टिकत नाही, त्यामुळे चार दिवसांपुरतेच करावे. डोळ्यांत गेल्यास फार झोंबते.

पांढऱ्या थरासाठी १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून, त्यात भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे. बारीक बुडबुडे दिसले, की थरातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागले असे समजावे. शहाबादी फरशीतही हेच कार्बोनेट असल्याने तिच्यावर हे पाणी कधीही ओतू नये. त्यात खाण्याचा सोडा मिसळणे व्यर्थ आहे, कारण दोन्ही एकमेकांचा गुण मारतात. ब्लीचिंग पावडर तर कदापि मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.