मोटारसायकलमध्ये कोणतं ऑइल टाकायचं: साधं की सिंथेटिक?

एप्रिल लागला की चोपड्यात माझ्या गॅरेजवर रोज हाच प्रश्न येतो. "मिस्तरी, यंदा सिंथेटिक टाकून देऊ का? ऊन फार आहे." गाडी बघितल्याशिवाय आणि ती फिरते कुठे हे विचारल्याशिवाय मी उत्तर देत नाही. एक मास्तर अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने रोज फैजपूरला जातात. त्यांच्याच मॉडेलची दुसरी गाडी दिवसभर केळीच्या बागेत खताच्या गोण्या वाहते. गाड्या सारख्या असल्या तरी दोघींना मी वेगवेगळं ऑइल सांगतो.

आधी गाडीचं पुस्तक काढा. त्यात ग्रेड (ऑइलच्या जाडीचा आकडा), एपीआय (ऑइलचा दर्जा) आणि जासो (ऑइल क्लचला चालतं का ते सांगणारी जपानी खूण) अशा तीन गोष्टी दिलेल्या असतात. त्या जुळल्या की मगच साधं की सिंथेटिक हा विषय. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये, ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० मध्ये, मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. ती क्लचप्लेटवर बसली की क्लच स्लिप होतो, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून डब्याच्या मागच्या बाजूला 'जासो एमए' किंवा 'एमए२' शोधा. 'एमबी' लिहिलेलं ऑइल ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचं, तिचा क्लच कोरडा असतो. घरात दोन्ही गाड्या असल्या की स्कूटरचं उरलेलं ऑइल मोटारसायकलमध्ये ओतलं जातं, ते करू नका. सिंथेटिकने क्लच घसरतो अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. क्लच घसरतो तो चुकीच्या जासोमुळे, नाहीतर प्लेटा आधीच झिजलेल्या असतात म्हणून. एमए२ चं सिंथेटिक क्लचला काही करत नाही.

आता आकडे. १०डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू'चा आकडा थंडीतला, आणि शेवटचा आकडा ऑइल १०० अंशांवर तापल्यावर किती जाड राहतं ते सांगतो. धुळ्याला जानेवारीत पारा एक आकडी येतो, पण तेवढ्या थंडीला २०डब्ल्यूसुद्धा बिनघोर चालतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ अंश ओलांडतात, म्हणून आपल्या भागात शेवटच्या आकड्याला महत्त्व. पण ऊन जास्त म्हणून मनाने ३० च्या जागी ५० टाकायचं नाही. स्प्लेंडर, शाइन या गाड्यांना १०डब्ल्यू-३० दिलंय ते त्यांच्या पंपाचा आणि बेअरिंगमधल्या फटींचा हिशोब करून. जाड ऑइल टाकलं की सकाळी ते हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या माथ्यापर्यंत, उशिरा चढतं आणि ॲव्हरेजही पडतं. युनिट इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) ३५० च्या बुलेटला कंपनीच १५डब्ल्यू-५० सेमी-सिंथेटिक, म्हणजे साधं आणि सिंथेटिक मिसळलेलं, सांगते, तिथे ते बरोबर आहे.

साध्या आणि सिंथेटिकमध्ये फरक नेमका कुठे पडतो? साधं, म्हणजे मिनरल ऑइल, कच्च्या तेलातून गाळून काढलेलं असतं. त्यात हलके-जड असे सगळे रेणू असतात. इंजिन फार तापलं की हलका भाग उडून जातो आणि मागे राहिलेलं ऑइल दाट होत जातं. मे महिन्यात कुठे गळती नाही, धूर नाही, तरी ऑइल मोजायच्या कांडीवर ऑइल खाली गेलेलं दिसतं, त्याचं एक कारण हे. दुसरी गोष्ट गिअरची. ऑइल गार असताना पातळ आणि तापल्यावर जाड राहावं म्हणून त्यात लांब साखळीची पॉलिमर घातलेली असतात. गिअरचे दाते ती साखळी कापत राहतात. म्हणून डब्यावर ४० लिहिलेलं ऑइल दोन-तीन हजार किलोमीटरनंतर ४० राहत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरला खट्ट आवाज यायला लागतो, न्यूट्रल सापडत नाही. सिंथेटिकचे रेणू एकसारखे असतात आणि त्याला पॉलिमर कमी लागतं, म्हणून ते उन्हात आणि गिअरमध्ये जास्त टिकतं.

डब्यावर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं बरंचसं ऑइल खनिज तेलावरच खूप मोठी प्रक्रिया करून बनवलेलं असतं, त्याला ग्रुप ३ म्हणतात. ग्रुप ४ चं पीएओ आणि ग्रुप ५ मधलं एस्टर ही कारखान्यात रसायनांपासून बनवलेली तेलं, ती याहून महाग. आपल्या रोजच्या गाड्यांना चांगलं ग्रुप ३ पुष्कळ झालं, एस्टरच्या मागे धावायची गरज नाही.

आता धूळ, आणि खान्देशात ऑइलचा निकाल हीच लावते. सिंथेटिक उष्णता सोसतं, पण एअर फिल्टरमधून आत गेलेली माती ते जिरवू शकत नाही. स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनाला क्लच कव्हरच्या आत एक गोल फिरता फिल्टर असतो. तो फिरतो तसा ऑइलमधला जड गाळ बाहेर फेकून कडेला चिकटवतो. शिवारात चालणाऱ्या गाडीचा हा फिल्टर मी उघडतो तेव्हा आत काळपट राखाडी थर बसलेला असतो, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडावा लागतो. तो चिमटीत घेऊन चोळला की बोटांना करकर लागते. ती आपल्याच शेताची माती आणि इंजिनाचं झिजलेलं लोखंड. महागातलं ऑइल टाकलं म्हणून हा थर कमी बसत नाही.

त्यामुळे हिशोब असा होतो. सिंथेटिकची किंमत साध्याच्या दुप्पट, कधी अडीचपट. डांबरी रस्त्यावर ते दुप्पट चालतं, म्हणजे पैसे वसूल, वर इंजिन जपलं जातं ते वेगळं. पण धुळीच्या गाडीचं ऑइल कसंही असलं तरी लवकर बदलावं लागतं, मग जास्तीचे पैसे कशाला? शेतरस्ता, दुधाचे कॅन, कापसाचं गाठोडं, मागे दोन माणसं अशी गाडी असेल तर चांगल्या कंपनीचं साधं ऑइल टाका आणि २००० ते २५०० किलोमीटरला बदला. एअर फिल्टर दर वेळी उघडून बघा. माझ्या डोळ्यांसमोर लाखाच्या वर चाललेल्या गाड्या आहेत, त्यांनी जन्मात सिंथेटिक बघितलं नाही, पण ऑइल कधी चुकवलं नाही.

रोज साठ-सत्तर किलोमीटर सलग हायवेने जात असाल तर सेमी-सिंथेटिक घ्या, ४००० पर्यंत निवांत चालवा. ड्यूकसारख्या जास्त आरपीएमच्या, लिक्विड-कूल्ड गाड्यांना फुल सिंथेटिकच, तिथे घासाघीस नको. ज्यांना उन्हाळ्यात डबल सीट बिजासनीचा घाट चढायचा असतो किंवा तोरणमाळला वर जायचं असतं, त्यांनाही मी सिंथेटिक सांगतो. चढावर कमी वेग, मोठा लोड आणि हवेवर गार होणारं इंजिन, अशा वेळी साधं ऑइल लवकर दमतं. फुल सिंथेटिक ५००० ला बदला. गाडी कमी फिरत असली तरी वर्षातून एकदा बदल हवाच, कारण जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मिसळत राहतं.

जुनी गाडी घेऊन आलेले बाबा म्हणतात, "मनी गाडीमा भारी ऑइल टाकी दे रे भो." गाडी निळा धूर मारत असेल, रिंग-पिस्टन गेलेले असतील, तर सिंथेटिक त्याच सायलेन्सरमधून जळून जाणार. तो पैसा बोअरच्या कामाला ठेवा. धूर नाही, आवाज चांगला आहे, तर जुन्या गाडीलाही सिंथेटिक चालतं. फक्त जुनं सील मळीमुळे धरून राहिलेलं असेल तर मळी सुटल्यावर तिथून पाझर लागू शकतो. दोन-चार दिवस खाली जमिनीवर डाग पडतो का ते बघा. अडचणीच्या वेळी वाटेत साध्यात सिंथेटिक मिसळलं तरी इंजिनाला धोका नाही. ग्रेड आणि जासो तेच असू द्या.

बदलताना गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग मेन स्टँडवर लावून खालचा बोल्ट काढा. निघालेलं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, मळ स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र पाणी गेलंय, आणि पेट्रोलचा वास आला तर जुन्या गाडीत कार्ब्युरेटर, नव्या गाडीत इंजेक्टर बघायला हवा. बोल्टचं वॉशर नवीन टाका आणि पान्यावर सगळा जोर लावू नका. खालचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की काम वाढतं. नवीन ऑइल भरल्यावर इंजिन थोडं चालवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग कांडी बघा. स्प्लेंडरसारख्या गाडीत कांडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून मोजायची नाही. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल जाऊ देऊ नका. बदललेले किलोमीटर टाकीच्या बाजूला चिठ्ठीवर लिहून ठेवा.

डबा घेताना झाकणाचं सील, बॅच नंबर आणि छपाई नीट बघा, पक्कं बिल घ्या. पिंपातलं सुटं ऑइल स्वस्त मिळतं, ते घेऊ नका. बाजारात नामी कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत गाळलेलं जुनं ऑइल भरून विकणारे आहेत, आणि त्यांना डबे आपल्याकडूनच जातात. म्हणून डबा रिकामा झाला की लेबल फाडा, निघालेलं काळं ऑइल त्यातच भरा आणि गॅरेजवर आणून द्या. बांधावर किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. आमच्याकडे ते पिंपात साठवून ऑइल गोळा करणाऱ्याला जातं.