गोडी छाटणीआधी ब्लोअरचे जाम बोल्ट सोडवून घ्या

शेतकरी बंधू-भगिनींनो, द्राक्षबागेच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, तारीख ठरवायच्या आधी ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं पंख्याचं फवारणी यंत्र) आणि एचटीपी पंपाजवळ (जास्त दाबाने औषध ढकलणारा पंप) पाना घेऊन बसा. पंपाच्या हेडचा, फिल्टरच्या झाकणाचा, नोझलच्या टोपीचा, क्लॅम्पचा, प्रत्येक नट आणि प्रत्येक स्क्रू एकदा सैल होतो का ते पाहा. कात्रीची धार, मजुरांची टोळी, पेस्टिंगचं औषध (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं) हे सगळं नंतर. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात डाऊनी या बुरशीरोगाने गेलेल्या बागा मी दर हंगामात पाहतो. त्यातल्या कितीतरी ठिकाणी औषध घरात आणलेलं होतं, पाणी होतं, ट्रॅक्टर होता. फक्त पंप उघडत नव्हता.

होतं असं. छाटणी होऊन बाग तीन-पाच पानांवर येते आणि परतीचा पाऊस रात्री येऊन जातो. सकाळी ब्लोअर सुरू केला की दाब चढत नाही, कारण डायफ्राम (पंपातला रबरी पडदा) फाटलेला असतो. डायफ्राम बदलणं तासाभराचं काम. पण हेडचा एक बोल्ट गंजून बसलेला असतो. घाईत पान्यावर पाइप चढवून जोर लावला जातो आणि बोल्टचं डोकं हातात येतं. मग हेड पिशवीत घालून पिंपळगाव नाही तर ओझरचा लेथवाला गाठायचा. त्या दिवसांत त्याच्याकडे आधीच रांग असते. इकडे पानावर पाणी आणि हवेत विशी-पंचविशीतलं तापमान असलं की डाऊनीला शिरायला काही तास पुरतात. यंत्र दोन दिवसांनी परत येतं, तोवर डाऊनी आत शिरलेली असते; पुढच्या काही दिवसांत तेलकट डाग पडतात आणि पानाखाली पांढरी बुरशी येते. फुलोऱ्यात हेच घडलं तर घडच कुजतो. त्यानंतर कितीही महागडं औषध मारलं तरी गेलेला घड परत येत नाही.

बोल्ट का बसतात

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक द्रावण) तयार झालं की आपण त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर द्रावण आम्लधर्मी आहे, चुना वाढवायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो थर तांब्याचा असतो. पात्याचं लोखंड द्रावणात विरघळतं आणि त्याच्या जागी मोरचुदातलं तांबं बसतं. विळ्यावर जे थोड्या वेळात दिसतं, तेच बोल्टच्या आट्यांत महिनोन्‌महिने चालू असतं, कारण फवारणीनंतर पंप न धुता शेडमध्ये लावलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून नट आतून आवळला जातो. हेड ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट लोखंडी असेल तर दोन धातूंच्या सांध्यात ओल राहून ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी धरते. हा प्रकार साध्या गंजापेक्षा हट्टी असतो.

हात लावण्याआधी

- ट्रॅक्टर बंद, किल्ली काढलेली, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा दांडा) सोडलेला
- पंपाचा दाब पूर्ण उतरवलेला, काटा शून्यावर
- टाकी, पंप, नळ्या स्वच्छ पाण्याने धुतलेल्या
- हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा

जाम बोल्ट सोडवण्याची रीत

तारेच्या ब्रशने बोल्टचं डोकं आणि बाहेर दिसणारे आटे आधी घासून काढा. स्क्रू असेल तर त्याच्या खाचेतला वाळलेला चुना-औषधाचा थर खिळ्याच्या टोकाने उकरा. खाच भरलेली असली की स्क्रू ड्रायव्हर पूर्ण आत बसत नाही, घसरतो आणि खाच गोल करून टाकतो. निम्मे स्क्रू इथेच खराब होतात.

मग तेल. गंज सोडवणारा डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मिळतो, तो चालतो. पण दुकानदार सांगतो म्हणून त्याहून महागडे डबे घेऊ नका. गिअरमध्ये घालायचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून केलेलं मिश्रण बहुतेक ठिकाणी पुरतं. ते बाटलीत वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून घ्या. ॲसिटोन लगेच पेट घेतो, त्यामुळे जवळ विडी, शेगडी, वेल्डिंग काही नको. टाकीच्या प्लास्टिकवर आणि रबरी सीलवरही ते सांडू देऊ नका. तेवढीही सोय नसेल तर डिझेल लावा, फक्त त्याला जास्त वेळ द्या. तेल संध्याकाळी घालायचं, रात्री झोपण्याआधी पुन्हा घालायचं आणि पाना सकाळी लावायचा. रात्रभर मुरलेलं तेल जे करतं ते दुपारच्या घाईतलं तेल करत नाही, हा आमच्याकडच्या जुन्या फिटरांचा ठोकताळा आहे आणि तो मला पटलेला आहे.

सकाळी पाना लावण्याआधी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, नेमके चार-सहा ठोके द्या. मोठा घाव नको. गंजाची पकड धक्क्याने तडकते आणि तेल आत उतरतं. ॲल्युमिनियमच्या हेडवर मात्र हातोडी हलकीच ठेवा, हेड तडकलं तर नवीनच घ्यावं लागेल. पाना रिंगचा किंवा सहा कोनी सॉकेटचा घ्या. उघड्या तोंडाचा फिक्स पाना दोनच कडा धरतो आणि जाम बोल्टच्या कडा तोच खातो. आठ मिलिमीटरच्या बोल्टला १३ चा, सहाच्या बोल्टला १० चा पाना नेमका बसतो. सैल पान्यात पत्र्याची पट्टी घालून काम भागवू नका.

आधी किंचित आवळा. कट् असा आवाज आला की समजा पकड सुटली. मग पाव फेरा सैल, थोडा परत आवळून तेल, पुन्हा सैल. एकाच दमात उलटा फिरवत नेलेला बोल्ट स्वतःचीच भुकटी आट्यांत अडकवून मधेच तुटतो. फिरवताना पाना रबरासारखा मऊ लागला आणि डोकं वळत राहिलं, तर बोल्ट पिळवटतोय. तिथेच थांबा आणि तेल देऊन परत वाट पाहा. ही जाणीव हाताला होते, ती कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

एक गोष्ट बघून घ्या. काही पंख्यांच्या शाफ्टचा नट उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेने सोडायला गेलात तर आवळत जातो. बाहेर डोकावणाऱ्या आट्यांचा उतार पाहिला की दिशा कळते.

स्क्रूसाठी ठोकण्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. हातोडीचा घाव बसला की त्याचं टोक खाचेत दाबलं जातं आणि त्याच क्षणी वळतं. गावात एकाने घेतला तरी दहा जणांचं काम होतं. खाच थोडी गोल झाली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, पकड येते. पूर्ण गेली असेल तर हॅक्सॉच्या पात्याने डोक्यावर आडवी नवी खाच पाडा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर वापरा. बोल्टच्या कडा गेल्या असतील तर कानशीने समोरासमोर दोन सपाट बाजू करून लॉक प्लायरने घट्ट धरा.

उष्णता द्यायची तर

नुसत्या तेलाने भागलं नाही तर ऊब. पण नट आणि भोवतालचा धातू तापवा, बोल्टचा दांडा नाही. बाहेरचा भाग फुगतो आणि पकड ढिली होते. गरम नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. हा स्वस्त उपाय मी खूपदा लागू पडताना पाहिला आहे. ज्या बोल्टला ॲसिटोनचं मिश्रण लावलंय तो पुसून, वाळू दिल्याशिवाय त्याला ज्योत दाखवायची नाही.

जिथे गंधक किंवा इतर औषधाचा थर आहे तिथे न धुता ज्योत लावू नका. गंधक जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड छातीत जातो आणि कीटकनाशकाचा धूर त्याहून वाईट. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ते ६६० अंशाला वितळतं आणि तोवर रंग फारसा बदलत नाही, म्हणून हेडला गॅसची ज्योत नकोच. त्याला उकळतं पाणी ओतून पाहा. पंपाच्या हवेच्या डब्याजवळ, डिझेल टाकीजवळ आणि ऑइल सीलजवळ ज्योत नेऊ नका.

डोकं तुटलंच तर

दांडा थोडा बाहेर असेल तर वेल्डरकडून त्यावर नट चिकटवून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. निवल्यावर तेल देऊन पान्याने हळू फिरवा. वेल्डिंगआधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची तार काढा आणि अर्थ क्लॅम्प त्याच भागाला लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

बोल्ट आतच तुटला असेल तर नेमक्या मध्यभागी सेंटर पंचची खूण करा, मग बारीक ड्रिलने तेल टाकत हळू छिद्र पाडा. केंद्र चुकलं की भोवतालचे आटे गेले. उलट्या धारेचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, बऱ्याचदा छिद्र पाडता पाडताच तुकडा बाहेर येतो. ईझी आउट (तुटलेला बोल्ट छिद्रात रुतवून उलटा फिरवत काढायचं हत्यार) लावताना मात्र फार जपा. ते कडक पोलादाचं असतं. जोर लावून ते आत तुटलं तर साध्या ड्रिलने निघत नाही आणि तुमचा दिवस तिथे गेला. तेल, धक्का, ऊब हे सगळं झाल्यावरच ते वापरा आणि हाताला अडखळलं की थांबा. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे आटे पुन्हा पाडायचे तर ६.८ चं ड्रिल आणि मग टॅप. तेवढं घरी जमणार नसेल तर नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लेथवाले आहेत. तिथे पावसाआधी जा, पावसानंतर नाही.

दुकानात हेड नेलं की "नवीन पंपच घ्या, हे उघडत नाही" असं सांगितलं जातं. तिथे हो म्हणण्याआधी तेल आणि एक रात्र द्या. स्टेनलेस बोल्टचा महागडा संच गळ्यात मारायचाही प्रयत्न होतो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ओल असताना स्टेनलेस बोल्ट भोवतालचं ॲल्युमिनियम जास्त खातो आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट घासून जागीच जाम होतो. डोक्यावर ८.८ (मजबुतीची खूण) लिहिलेला, झिंक चढवलेला, त्याच लांबीचा बोल्ट घ्या. एचटीपी पंपावर २०-३० किलो दाब येतो, तिथे खुणेविना मिळणारा स्वस्त बोल्ट लावू नका. बसवताना आट्यांना बोटभर लिथियम ग्रीस लावा. एवढ्या ग्रीसने पुढच्या वर्षीची हातोडी वाचते.

छाटणीच्या आसपासची इतर कामे

- खत-शेणखत नालीत, बोदावर माती
- जुन्या काड्या, रोगट पाने बागेबाहेर
- छाटणीनंतर खोड-ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) बोर्डो १ टक्का: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा, लोखंडी बादलीत नको
- हायड्रोजन सायनामाइडची पेस्टिंग लेबलप्रमाणे, हातमोजे घालून. पेस्टिंग करणाऱ्याने आदल्या दिवसापासून ते नंतरचे काही दिवस दारूला शिवायचं नाही
- डाऊनीसाठी पावसाआधी मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ते २.५ ग्रॅम. लेबल आणि काढणीपूर्व काळ पाहून
- भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, कडक उन्हात नाही
- हवामानासाठी मेघदूत ॲप रोज सकाळी

सकाळी दहापर्यंत पानावरचं पाणी सुकलं नाही, तर त्या दिवशी डाऊनी शिरली असं धरून चला. हे मोजमापावरचं नाही, बागेतल्या नजरेचं आहे. पण त्या दिवशी फवारा उद्यावर टाकू नका. म्हणूनच यंत्र आज उघडतं का, हे आज माहीत असायला हवं.

फवारणी संपली की टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप दहा मिनिटं चालवा, नोझलच्या टोप्या काढून धुवा आणि आट्यांना तेलाचा हात फिरवा. बोर्डो मारलं त्या दिवशी हे टाळू नका. नोझल तोंडाने फुंकू नका, तारेने टोचू नका. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी सोडत असेल तर चकती बदला. रोटाव्हेटरचे पात्यांचे बोल्ट आणि कांद्याच्या पेरणी यंत्राचे क्लॅम्पही याच वेळी उघडून पाहा, रांगडा-उन्हाळ कांद्याची रोपं आली की त्यांच्याकडे बघायला सवड नसते.

सटाणा, कळवण भागात अर्ली छाटणी करणाऱ्यांनी हे काम खरं तर जुलैतच करायचं. ज्यांचं राहिलंय त्यांनी आज संध्याकाळी तेल घालावं. निफाड-दिंडोरीत ऑक्टोबरमध्ये छाटायचं असेल तर तारखेच्या किमान आठ दिवस आधी सगळे बोल्ट सोडून परत ग्रीस लावून बसवलेले असावेत आणि घरात दोन जादा डायफ्राम, एक ऑइल सील, वायसरांची पुडी आणि त्याच मापाचे चार बोल्ट ठेवलेले असावेत.