वॉर्डात पेशंट पडू नये म्हणून काय काय जमवावं

मिरजेत नाईट ड्यूटीवर असताना न्यूमोनियाच्या एक आजी पहाटे लघवीला उठल्या आणि संडासाच्या उंबऱ्याशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हाक का मारली नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, "सिस्टर कामात हुत्या, त्येंना कशाला तरास." पुढे इन्चार्ज झाल्यावर मी पेशंट पडू नयेत यासाठीचं काम हातात घेतलं, ते त्यांच्या या वाक्यामुळे.

आधी वही, मग खरेदी. महिनाभर साध्या वहीत लिहा: कोण पडलं, किती वाजता, कुठे, काय करताना, पायात काय होतं. पडता पडता वाचलेलेही लिहा. आमच्या वहीत बहुतेक नोंदी रात्रीच्या आणि संडासाच्या वाटेवरच्या निघाल्या. काय विकत घ्यायचं ते वहीच सांगते.

धोका मोजायचा कागद. मोर्स स्केल एका पानात मावतो. सहाच गोष्टी बघायच्या: पूर्वी पडला आहे का, दुसरा आजार, चालताना आधार, सलाईन, चाल आणि स्वतःच्या ताकदीचं भान. दोन-तीन मिनिटं लागतात. ४५ किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा, असं बऱ्याच ठिकाणी धरतात. ॲडमिशनला, ऑपरेशननंतर, औषध बदललं की आणि पेशंट पडला की पुन्हा भरा. ड्यूटीची ओव्हर देताना अशा पेशंटचा कॉट नंबर तोंडी सांगायचाच.

माणसं. खरा खर्च इथे आहे, आणि व्यवस्थापनाकडे मागणी करताना हेच आधी मांडा. दर दोन तासांनी कुणीतरी कॉटपाशी जाऊन "लघवीला जायचंय का?" असं आपणहून विचारलं पाहिजे. म्हातारी माणसं संकोचाने बोलावत नाहीत. त्यासाठी रात्रीची सिस्टर आणि मावशी कमी करून चालत नाही. डॉक्टरांनी झोपेच्या, बीपीच्या, लघवीच्या गोळ्या एकदा तपासाव्यात. लघवीची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी देता येते का, हे विचारायला सिस्टरने कचरू नये. झोपून बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्या पेशंटला एकट्याने उठू देऊ नका.

नातेवाईक. आपल्याकडे प्रत्येक कॉटजवळ घरचं माणूस असतं. पण त्यांची चटई, डबा, पिशवी नेमकी पेशंटच्या पायाखाली येते. सामान कॉटखाली सरकवायला लावा आणि पेशंटला कसं उठवायचं ते करून दाखवा: आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून थोडा वेळ बसवायचं, मग उभं करायचं. जत, आटपाडीच्या जोडीला अथणीकडचे पेशंटही येतात, म्हणून सूचना मराठीबरोबर कन्नडमध्येही हवी. रात्री माणूस बदललं, तर नव्या माणसाला सगळं पुन्हा सांगा.

वस्तू. यादी लहान आहे: संडासाच्या वाटेवर रात्रीचा दिवा, आत भिंतीला पक्की दांडी, हाताशी घंटी, युरीन पॉट, कमोडची खुर्ची, न घसरणाऱ्या चपला, धोक्याच्या पेशंटला पिवळी पट्टी. कॉटच्या चाकांचे ब्रेक दर आठवड्याला तपासा. फरशी पुसल्यावर ती वाळेपर्यंत तिथे कुणी उभं राहावं. कठड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. भ्रमातला पेशंट कठडा ओलांडायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो. त्याची कॉट खाली घेतलेली बरी.

एकाच वॉर्डात तीन महिने करून बघा. हिशोब दर हजार पेशंट-दिवसांचा ठेवा. रोज सरासरी २५ पेशंट, म्हणजे ३० दिवसांत ७५० पेशंट-दिवस. दोन जण पडले, तर दर हजारी साधारण २.७.

सुरुवातीला हा आकडा वाढलेला दिसेल. पूर्वी लपवलं जायचं ते सिस्टर आता लिहू लागलेल्या असतात. त्या वेळी कुणाला मेमो देऊ नका, नाहीतर पुढच्या महिन्यात वही कोरी येईल आणि पेशंट मात्र पडतच राहतील.