आरोपी सापडतो, खटला हातचा जातो: तपासातल्या या चुका टाळा

आरोपी पकडला की पेपरात फोटो येतो. काही वर्षांनी तोच निर्दोष सुटतो, आणि निकालपत्र वाचलं तर कारण बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांच्या कागदांत सापडतं. माणसं कमी, बंदोबस्त पाचवीला पुजलेला, एकेका तपासी अंमलदाराकडे गुन्ह्यांचा ढीग, हे सगळं खरं आहे. तपासाचं काम कायदा-सुव्यवस्थेपासून वेगळं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्येच सांगितलं. तरी गणपती आले की तपासाच्या फायली बाजूला पडतात. पण पुढच्या चुकांचं खापर बंदोबस्तावर फोडता येणार नाही.

सगळ्यात महागात पडतो निवेदन पंचनामा. आरोपी हत्यार काढून देतो तो प्रसंग. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. आरोपीच्या सांगण्यावरून जे नव्याने कळलं, तेवढंच टिकतं. म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'सदर गुन्ह्यात वापरलेला कोयता मी काढून देतो' असं कुठलाच आरोपी बोलत नाही. 'सदर' हा शब्द ठाण्यातलाच! गाडी कुठे वळवायची हे कोणी सांगितलं, हेही नोंदवा. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच असतो. आणि सगळ्यांना दिसेल अशा उघड्या जागेवरून निघालेल्या हत्याराला फार किंमत नसते.

पंच म्हणून दर वेळी ठाण्यासमोरचा चहावाला नको. तो सराईत पंच ठरतो, नाहीतर फितूर होतो. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). वस्तू हातात आल्यावर मोबाईल सुरू केला, तर ते चित्रीकरण बचाव पक्षाच्याच कामाला येतं.

रक्ताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते. सावलीत वाळवून कागदात बांधा. सील कोणाकडे होतं, मुद्देमाल प्रयोगशाळेत कोणी नेला, तोवर कुठे ठेवला होता, याच्या नोंदी जुळायला हव्यात.

सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा आधी तिकडे धावा. पेन ड्राइव्हवर प्रत घेतली तर ती कशी आणि कोणत्या यंत्रावरून घेतली याचं प्रमाणपत्र लागतंच. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, हॅश व्हॅल्यूसकट (म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो). दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

राहिलं दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असेल तर ते गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दाखल व्हायला हवं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. हे दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवसही धरा. सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल) आला नाही म्हणून थांबू नका, तो मागाहून पाठवता येतो. मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी आरोपीचा वकील जामिनाचा अर्ज घेऊन कोर्टात उभा असतो.